बाबांना डायलिसिस सांगितलंय, पण ते तयार होत नाहीत. ठाणे-नवी मुंबईतल्या कुणाचा अनुभव आहे का?

कळवा_पूर्व (प्रश्न)

नमस्कार. आम्ही कळव्याला राहतो. बाबा ६३ वर्षांचे आहेत, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झाले. शुगर आणि बीपी दोन्ही जुनं. गेल्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन ८.२, ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता) ७, हिमोग्लोबिन ७.९ आणि पोटॅशियम ५.८ आलंय. किडनीच्या डॉक्टरांनी डायलिसिस सुरू करा असं स्पष्ट सांगितलं. हाताचं एक छोटं ऑपरेशनही करून घ्या म्हणाले.

सकाळी ब्रश करताना त्यांना उमासे येतात. जेवण समोर आलं की तोंड फिरवतात. अंगाला सारखी खाज. पाय असे सुजलेत की मोज्याचा वळ तासभर जात नाही. गेले तीन-चार दिवस तर पाठीमागे उशा रचून बसल्या बसल्याच झोपतात, आडवं झालं की खोकला सुरू होतो.

बाबांचं म्हणणं एकच, ‘एकदा मशीनला लावलं की मेल्याशिवाय सुटका नाही.’ त्यांच्या कंपनीतले एक जण डायलिसिस सुरू झाल्यावर चार महिन्यांत गेले, ते त्यांच्या मनात पक्कं बसलंय. आत्याने एका वैद्यांचा काढा आणून ठेवलाय. सोमवारी ओपीडी आहे, तोपर्यंत मला त्यांची समजूत काढायची आहे. रक्त बाहेर काढतात म्हणजे नक्की काय करतात? किडनी परत चालू होते का? हाताच्या ऑपरेशनचा काय संबंध? आणि खर्च कसा झेपवायचा? कृपया सविस्तर लिहा.

नेरूळ_टेक्निशियन

ताई, मी डायलिसिस टेक्निशियन आहे. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं नंतर देते. उशा रचून बसून झोपणं आणि आडवं झाल्यावर खोकला येणं, ही फुप्फुसात पाणी साचत असल्याची खूण असते. सोमवारची वाट बघू नका. आजच, आत्ताच इमर्जन्सीला न्या. जिथे डायलिसिसचं मशीन आहे अशाच हॉस्पिटलला न्या, नाहीतर रात्री पुन्हा ॲम्ब्युलन्स शोधावी लागते. गेल्या गेल्या ईसीजी आणि पोटॅशियम करायला सांगा. रिपोर्टची फाइल आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या सोबत ठेवा.

आणखी एक. ते उजव्या हाताने लिहीत असतील तर डाव्या हाताला सुई लावू देऊ नका. सलाईन, रक्त काढणं, सगळं उजव्या हाताच्या पंजाच्या मागच्या शिरेतून. तसं तिथल्या सिस्टरला आधीच सांगा. डावा हात पुढे त्या ऑपरेशनला लागणार आहे.

कोपरखैरण्याचा

वरच्या ताईंनी सांगितलंय ते आधी करा. हे नंतर वाचा, आणि जमलं तर बाबांना वाचून दाखवा.

मी मूळचा जुन्नरकडचा. एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये गाळ्यावर हिशेब बघतो आणि डायलिसिसवर आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटेची शिफ्ट. मशीनवरून उतरलो की घरी जाऊन थोडा पडतो, जेवतो आणि दुपारी गाळ्यावर जाऊन हिशेबपट्ट्या लिहितो. मुलीचं लग्न मी उभं राहून केलं. बाबांना हे आधी सांगा.

बाबा फिटर आहेत, त्यांना मशीन मशीनसारखंच समजावून सांगा, धीराचे शब्द नकोत. हातात दोन सुया असतात. एकीतून रक्त बाहेर येतं, दुसरीतून परत आत जातं. मधे एक फिरता पंप, तो मिनिटाला साधारण ३०० मिली रक्त ढकलतो. सगळं रक्त बाहेर काढून ठेवतात असा लोकांचा समज असतो, पण एका वेळी अंगाबाहेर असतं ते जेमतेम पाव लिटर. तेच रक्त चार तास फिरत राहतं. नळ्यांमध्ये त्याची गुठळी होऊ नये म्हणून हिपॅरिन देतात. मशीनच्या बाजूला फूटभर लांबीची पारदर्शक नळकांडी उभी लावलेली दिसेल, तो डायलायझर. सगळी करामत त्याच्यात आहे. आत शेवयांहून बारीक अशा हजारो पोकळ नळ्या असतात. रक्त त्यांच्या आतून जातं आणि बाहेरून डायलिसेट नावाचं क्षारांचं पाणी मिनिटाला ५०० मिलीच्या वेगाने उलट दिशेने वाहतं. उलट दिशेने का, ते बाबांना विचारा. हीट एक्स्चेंजरला काउंटर फ्लो, म्हणजे उलटा प्रवाह, ज्या कारणाने देतात त्याच कारणाने: दोन्हीकडचा फरक शेवटच्या टोकापर्यंत टिकतो.

नळ्यांच्या भिंतीला इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम पलीकडे जातं आणि रक्तपेशी अलीकडेच राहतात. पलीकडच्या पाण्यात युरिया नसतो, पोटॅशियम कमी असतं, म्हणून जिकडे जास्त तिकडून कमीकडे ते आपोआप निघतं. बायकार्बोनेट मात्र तिकडून रक्तात येतं, कारण किडनी थांबली की रक्तात आम्ल साचत जातं, ते बायकार्बोनेटने मरतं. साचलेलं पाणी दाबाच्या फरकाने खेचतात. आज दोन लिटर काढायचं की अडीच, तो आकडा टेक्निशियन मशीनवर टाकतात. बाबांचा श्वास त्यानेच मोकळा होणार आहे.

आता सुटका नाही या म्हणण्याबद्दल. मशीन लावल्यामुळे किडनी बंद पडत नाही. ती बंद पडत आली म्हणून मशीन लागतं. डेंगू, लेप्टो, सर्पदंश, एखादं औषध यांनी अचानक बसलेल्या किडन्या काही दिवस डायलिसिस देऊन पुन्हा चालू झालेल्या मी आमच्याच युनिटमध्ये पाहिल्यात. वर्षानुवर्षांच्या शुगरने हळूहळू गेलेली किडनी सहसा परत येत नाही, ही आशा बाबांना दाखवू नका. डायलिसिस किडनी दुरुस्त करत नाही, तिचं काम करतं, आणि तेही सगळं नाही. चांगली किडनी आठवड्याचे १६८ तास चालते, आपलं मशीन १२ तास. शिवाय किडनी रक्त वाढवणारं एक संप्रेरक बनवते, ते मशीनला बनवता येत नाही. म्हणून एरिथ्रोपोएटिनचं, म्हणजे त्याच संप्रेरकाचं, इंजेक्शन आणि लोह द्यावं लागतं. बाबांचं ७.९ हिमोग्लोबिन त्यामुळेच आहे, पालक-बीट खाऊन ते वर येणार नाही.

त्यांच्या कंपनीतले गृहस्थ गेले त्याचं भय मला समजतं. डायलिसिसचे पहिले काही महिनेच सगळ्यात धोक्याचे असतात. छाती पाण्याने भरल्यावर, हृदय थकल्यावर, मानेत घाईघाईने नळी टाकून जे येतात त्यांना जास्तच. त्यावरचा उपाय वेळेत सुरू करणं हाच आहे.

हाताच्या ऑपरेशनला फिस्टुला म्हणतात. मनगटाजवळ किंवा कोपरात धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. भूल हातापुरतीच, बहुतेक त्याच दिवशी घरी. धमनीचा जोर शिरेत आला की शीर हळूहळू रुंद होते, तिची भिंत जाड होते आणि मग तिच्यात जाड सुई घालता येते. त्याला दीड-दोन महिने लागतात, शुगरवाल्यांना कधी जास्त. तोवर रबरी चेंडू दाबत बसायचं. माझ्या हाताला आत्ता बोट लावलं तर खाली भिरभिर लागते. रोज सकाळ-संध्याकाळ ती तपासायची. थांबली असं वाटलं तर त्याच वेळी हॉस्पिटल गाठायचं, तासांचा प्रश्न असतो. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, बांगडी-घड्याळ घट्ट नाही, पिशवी लटकवायची नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही.

दुखतं का? सुई टोचताना दुखतं. पुढे कधी कधी पायात गोळा येतो, तो फार वाईट. बीपी एकदम खाली जाऊन डोळ्यापुढे अंधारी येते. या दोन्ही गोष्टी बहुतेक वेळा दोन डायलिसिसच्या मधे पाणी जास्त प्यायल्याने होतात, कारण मग चार तासांत जास्त पाणी खेचावं लागतं. प्रत्येक वेळी आधी वजनकाट्यावर उभं करतात. अंगात जादा पाणी नसतानाचं जे वजन, त्याला ड्राय वेट म्हणतात, आणि त्याच्या वर किती वाढलात ते काटा सांगतो. मला काट्याची भीती वाटायची ती मीठ सोडल्यावर गेली. मिठानेच तहान लागते. पापड, लोणचं, सुकट-बोंबील, फरसाण घरात आणू नका, पाणी आपोआप कमी होतं.

खाण्याचं मी मार्केटमध्ये बसून सांगतो, सगळं समोर दिसतं. बटाटा, टोमॅटो, केळं, संत्रं, शहाळं, सगळ्यांत पोटॅशियम. ते वाढलं तर हृदय थांबू शकतं, आणि आधी काही कळतही नाही. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी. आजाऱ्याला शहाळं घेऊन येणारे पाहुणे दारातच समजावून परत पाठवा. दुकानात मिळणारं लो सोडियम मीठ अजिबात नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. स्टार फ्रूट, म्हणजे कमरक, एक फोडसुद्धा नको, किडनीच्या माणसाला त्याने न थांबणारी उचकी, गुंगी, फिट येते आणि माणसं दगावलीत. प्रथिनांचं मात्र उलटं आहे. आतापर्यंत डॉक्टरांनी डाळ-अंडी कमी करायला सांगितली असतील, डायलिसिस सुरू झालं की ती वाढवायला सांगतील. अंड्याचा पांढरा भाग, ताजी मासळी. घाबरून उपाशी ठेवू नका.

काढा बंद करा. आत्यांची माया खरी आहे, पण त्यात काय आहे ते बाटलीवर लिहिलेलं नसतं. काही भस्मांत पारा, शिसं असतं आणि ते बाहेर टाकायला किडनी शिल्लक नाही. अंगदुखीच्या गोळ्याही स्वतःहून नकोत.

खर्चाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, आणि २०२३ च्या निर्णयाने ती पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही लागू केली. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचा कागद घेऊन थेट त्यांच्याकडे जा. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमही आहे, २०१६ पासून, सरकारी दवाखान्यांतून. फक्त घराजवळचं सेंटर बघा. आठवड्यातून तीनदा जायचंय. कळव्याहून लांब कुठे फुकट मिळालं तरी रिक्षात आणि थकण्यात ते जातं.

कळवा_पूर्व

तुम्हा दोघांचे आभार कसे मानू कळत नाही. नेरूळच्या ताईंचं वाचलं आणि त्याच रात्री बाबांना नेलं. एक्स-रेमध्ये फुप्फुसात पाणी होतंच. पोटॅशियम ६.४ झालं होतं. मानेत नळी टाकून पहिलं डायलिसिस केलं, फक्त दोन तासांचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. काल रात्री बाबा एका उशीवर आडवे झोपले.

कोपरखैरण्याच्या दादांचं लिखाण मी त्यांना वॉर्डमध्ये वाचून दाखवलं. काउंटर फ्लोचं ऐकून त्यांनी दुसऱ्या वेळी टेक्निशियनला पंपाचा आरपीएम विचारला आणि डायलायझरला कुठली नळी वरून लागलीय, कुठली खालून, ते बोटाने दाखवून घेतलं. नाही म्हणणं थांबलंय. पण दोन तासच का केलं? पैसे वाचवायला तर नाही ना, असं आई विचारतेय. आणि मानेतली नळी किती दिवस?

नेरूळ_टेक्निशियन

आईंना सांगा, दोन तासच बरोबर आहे. महिनोन् महिने युरिया चढलेला असतो. तो एका झटक्यात खाली आणला तर रक्तातलं कमी होतं पण मेंदूतलं मागे राहतं, मग पाणी मेंदूकडे ओढलं जातं. डोकं दुखणं, उलटी, कधी फिट. म्हणून पहिली दोन-तीन डायलिसिस छोटी आणि मंद गतीने करतात, नंतर चार तासांवर नेतात.

मानेतली नळी तात्पुरती. फिस्टुला तयार व्हायला वेळ आहे, तोवर बहुधा त्वचेखालून नेलेली जास्त टिकणारी नळी टाकतील, तिला परमकॅथ म्हणतात. दोन्हींचं ड्रेसिंग ओलं होऊ द्यायचं नाही. आंघोळ मानेखालून. तिची टोपणं डायलिसिसच्या माणसाशिवाय कुणीही उघडायची नाहीत, सलाईन द्यायलासुद्धा नाही. थंडी वाजून ताप आला, विशेषतः मशीनवर असताना, तर तो साधा ताप समजू नका. ती नळी थेट हृदयाशी जाते.

फिस्टुलासाठी मी इतकी मागे लागते त्याचं कारण या उपचाराच्या इतिहासातच आहे. विलेम कोल्फ या डच डॉक्टरांनी १९४३ मध्ये, युद्ध चालू असताना, सॉसेजसाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवून पहिलं कामाचं मशीन केलं. म्हणजे रक्त साफ करता येतं हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. तरीही कायमची किडनी गेलेला माणूस वाचत नव्हता, कारण प्रत्येक वेळी नवी शीर आणि नवी धमनी कापावी लागे आणि थोड्याच दिवसांत जागा संपत. १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या डॉक्टर स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी हातात कायम ठेवली. त्यांचा पहिला रुग्ण त्यानंतर ११ वर्षं जगला. १९६६ मध्ये फिस्टुला आला, आणि साठ वर्षं होत आली तरी त्याहून चांगलं काही निघालेलं नाही. मशीन बिघडलं तर दुसरं लावता येतं. माणसाच्या शिरा मोजक्याच असतात. डिस्चार्जआधीच सर्जनची तारीख घ्या.

हिपॅटायटिस बीची लस सुरू करून घ्या, डायलिसिसच्या रुग्णाला तिचा दुप्पट डोस लागतो. आणि सेंटर बघायला जाल तेव्हा आरओ प्लांटची पाण्याची तपासणी कधी झाली ते विचारा. एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर पाणी रुग्णाच्या रक्ताशेजारून जातं. हा प्रश्न विचारल्याचा चांगल्या सेंटरला राग येत नाही.

घोडबंदरवाली

पोटाच्या डायलिसिसबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या सासूबाई त्यावर आहेत. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून आठवड्यातून तीनदा नेणं आम्हाला अशक्य होतं आणि त्यांचं हृदयही अशक्त, मशीनवर बीपी टिकत नव्हतं. पोटाच्या आतलं जे अस्तर असतं तेच गाळणीचं काम करतं. बेंबीजवळ एक मऊ नळी कायमची बसवतात. तिच्यातून दोन लिटरची पिशवी आत सोडायची, चार-सहा तास ठेवायची, मग काढून नवी सोडायची. दिवसातून तीन-चार वेळा, घरीच. पिशवीत ग्लुकोज असतं, ते पाणी खेचतं. तुमच्या बाबांना शुगर आहे, तेव्हा इन्सुलिन वाढवावं लागेल हे धरून चाला.

खाण्यापिण्याची मोकळीक यात जरा जास्त. पण स्वच्छता सोवळ्याच्या वर. आमच्याकडे एक खोली त्यासाठीच आहे. पंखा बंद, दार बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुवायचे. बाहेर आलेलं पाणी वर्तमानपत्रावर धरून बघते, खालची अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत. गढूळ दिसलं किंवा पोट दुखलं तर जंतुसंसर्ग, तेव्हा पिशवी घेऊन लगेच हॉस्पिटल. हे रोज करणारं, न कंटाळणारं माणूस घरात हवं. तसं कुणी नसेल तर मशीनच बरं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

कळवा_पूर्व

आईला आणि मला दोघींना नोकरी, त्यामुळे मशीनच ठरवतोय. कळव्यातच संध्याकाळची शिफ्ट मिळतेय. दादा, शेवटचे दोन प्रश्न. मी माझी किडनी देऊ शकते का? बाबांसमोर हा विषय काढला की ते चिडतात. आणि गणपतीला गावी, चिपळूणला, जाता येईल का? ते रोज तेच विचारताहेत.

कोपरखैरण्याचा

देऊ शकता. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात मुलं, आई-वडील, भावंडं, नवरा-बायको हे जवळचे नातेवाईक धरलेत. आधी तुमच्या सगळ्या तपासण्या होतील, आणि तुमच्या घरात शुगर आहे म्हणून डॉक्टर तुमची शुगर फार बारकाईने बघतील. त्यांनी नाही म्हटलं तर हट्ट करू नका. तुमचं लग्न, मुलं व्हायची असतील तर तेही त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. बाबांचं चिडणं मला कळतं. माझ्या मुलीने विचारलं तेव्हा मीही नाहीच म्हटलं आणि अजूनही तेच म्हणतो. मी मेंदूमृत दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवलंय. ते हॉस्पिटलमार्फतच मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे जातं, ठाणे-नवी मुंबई त्यातच येतं. बाबांची तब्येत सावरली की हृदयाची तपासणी करून त्यांचंही नाव घाला. रांग लांब आहे, म्हणून उशीर नको.

चिपळूणला जाता येईल, पण तिथल्या डायलिसिस सेंटरला महिनाभर आधी फोन करून जागा पक्की झाली तरच. गणपतीत सगळा मुंबई-ठाण्याचा कोकणी माणूस तिकडे असतो, ऐन वेळी मशीन मिळत नाही. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सीचे ताजे रिपोर्ट, ड्राय वेट, हिपॅरिनचा डोस आणि शेवटच्या दोन डायलिसिसचे कागद सोबत द्या. रेल्वेत डायलिसिसला जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला भाड्यात सवलत असते, हॉस्पिटलच्या सहीचा फॉर्म लागतो. निघायच्या आदल्या दिवशी इथे डायलिसिस, मधल्या दिवशी तिकडे, आणि एकही चुकवायचं नाही. मोदक एखादा खाऊ द्या, शुगर बघून. खोबऱ्यात पोटॅशियम आहे, म्हणून एकच. पंचामृत आणि केळं मात्र हातावर घेऊन कपाळाला लावायचं आणि शेजारच्याला द्यायचं.